वारा सरला का?

तिसऱ्या दिवशीही डॉक्टर केंकरे तेच विचारतात,
शाळेत हजेरी घ्यावी तसं:
वारा सरला का?
बाबा भिंतीकडे बघतात.
बासष्ट वर्षांच्या माणसाला, लेकीच्या देखत,
हा प्रश्न.

बांबोळी, वॉर्डातला सतरावा बेड.
वीतभर आतडं काळं पडलं होतं,
ते काढून उरलेली टोकं शिवली.
टाके धरलेत, पण हात लागला की आतडं रुसतं,
मग ते कोणाचंच ऐकत नाही,
डोक्याचंसुद्धा.

स्टेथोस्कोप बेंबीच्या डावीकडे.
केंकरे डोळे मिटून ऐकतात,
विहिरीत सोडलेली कळशी पाण्याला लागली का
हे जसं दोरावरून ऐकतात.
काही नाही.

मला वाटायचं, जेवण खाली पडतं.
गिळलं की पडलं, खड्ड्यात दगड पडतो तसं.
सिस्टर ब्रिजिदा नाकातल्या नळीची पिशवी बदलता बदलता म्हणाली,
पडत नाही गो, ढकलावं लागतं.
उलटं टांगलं तरी घास पोटातच जातो.
तिथं दोन-तीन तास आंबट घुसळण,
मग खालचं दार किलकिलं होतं,
चमचाभर सोडतं,
मिटतं.
पुढं हे येऊन मिळतं, बघ.
तिनं पिशवी उजेडात धरली.
हिरवं पित्त, बांधावरच्या शेवाळासारखं.
तीन दिवसांत बाबांच्या आतून आलेली
एवढी एकच बातमी.

दार म्हटल्यावर बाबांनी मान वळवली.
मंडूरच्या खाजनात तीस वर्षं त्यांनी मानस राखली.
बांधाच्या पोटात लाकडी फळ्या.
भरतीचं पाणीच त्या मिटवतं,
ओहोटीला आतलं पाणीच उघडतं.
कडी नाही, कुलूप नाही.
कोण सांगतो त्यांना? मी विचारायचे.
सांगावं लागत नाही म्हणून तर शेत पिकतं, म्हणायचे,
आणि तरी मध्यरात्री कंदील घेऊन जायचे,
कारण एक काटकी अडकली
की खारं पाणी आत,
आणि कोरगुटाची रोपं पिवळी.

शेजारच्या आगुस्तीन फुर्तादला आज पेज मिळाली.
वाटीतून वाफ आली, तोरांच्या लोणच्याचा वास आला,
आणि बाबांच्या तोंडाला पाणी सुटलं.
लाळेपर्यंत ऑपरेशनची बातमी
पोचलीच नव्हती.
मी ओल्या कापसानं ओठ पुसले.
कापूस त्यांनी हळूच चोखला.
मी बघितलं नाही असं दाखवलं.

सहा मीटर आतडं, ब्रिजिदा सांगत होती,
आतून सगळी लव,
त्या लवेतून भाताचं रक्त होतं.
आणि मोठं आतडं?
ते कंजूष. धुणं पिळतात तसं पाणी पिळून परत घेतं.
आमच्या सुशेला काकीसारखं, बाबा पुटपुटले.
पहिल्यांदाच काही बोलले.

रात्री तीनच्या सुमाराला पंखा बंद पडला.
त्या शांततेत
कुठंतरी खोल एक गुरगुर.
मला वाटलं, बाहेर रिक्षा.
पुन्हा. मग जवळून.
चादरीखाली काहीतरी सरकत, अडखळत, वाट काढत आलं
आणि मग तो आवाज,
लांब, निःसंकोच,
बंदराबाहेर पडणाऱ्या बार्जच्या भोंग्यासारखा.

अंधारात आगुस्तीन म्हणाला, देव बरें करूं!
कोपऱ्यातलं कोणीतरी हसलं,
मग तीन-चार बेड हसले.
बाबांना हसता येईना, टाके ओढत होते.
दोन्ही हातांनी पोट धरून
डोळ्यांत पाणी आणून ते म्हणाले,
ओहोटी लागली.

सकाळी केंकरेंनी विचारण्याआधीच मी सांगितलं.
त्यांनी कागदावर एक अधिकचं चिन्ह काढलं,
पुढच्या बेडकडे गेले.

दुपारी दोन चमचे पेजेची निवळ.
पहिला चमचा त्यांनी बराच वेळ तोंडात ठेवला.
मग कंठमणी वर गेला, खाली आला.
त्यापुढचं माझ्या हातात नव्हतं,
त्यांच्याही.
मी थांबले.

मीठ नाही, म्हणाले.